कोल्हापूर–पुणे हायस्पीड रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायस्पीड म्हणजे नेमका किती वेग? वंदे भारत हायस्पीड नाही का?

आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या व्याख्येनुसार नव्याने टाकलेल्या मार्गावर ताशी २५० किमी किंवा त्याहून जास्त आणि सुधारलेल्या जुन्या मार्गावर २०० किमीच्या आसपास वेग असेल, तर ती हायस्पीड. आपल्याकडे १६० ते २०० ला सेमी हायस्पीड म्हणतात. वंदे भारतचा डबा १८० साठी बनवलेला आहे आणि प्रत्यक्षात १६० पर्यंत चालवायची परवानगी असते, तीही रूळ आणि सिग्नल तेवढे सक्षम असतील तिथेच. गाडी नवी असली तरी रूळ जुनेच असतील, तर ती रुळाच्याच वेगाने धावते. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

आज कोल्हापूर–पुण्याला इतका वेळ का लागतो?

सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर–पुणे वंदे भारतचं सुरुवातीचं वेळापत्रक सव्वापाच तासांचं होतं. अंतर सुमारे ३२६ किमी, म्हणजे सरासरी वेग ताशी ६२. महामार्गाने हेच अंतर २३५ किमीच्या आसपास भरतं. रेल्वेने जवळजवळ नव्वद किमी जास्त का पडतात, ते नकाशा समोर घेतला की कळतं.

पुण्याहून निघालेला मार्ग आधी पूर्वेला फुरसुंगी–आळंदीकडे (म्हातोबाची आळंदी, ज्ञानेश्वरांची नव्हे) जातो, शिंदवण्याचा घाट चढून जेजुरी, नीरा, लोणंदला येतो, पुन्हा आदर्कीचा घाट चढून वाठारवरून साताऱ्याकडे वळतो. कराडपासून किर्लोस्करवाडी, सांगली करत मिरजेला, म्हणजे पुन्हा आग्नेयेला. आणि मिरजेहून पश्चिमेला माघारी फिरून ४८ किमीवर कोल्हापूर. कराडहून कोल्हापूर रस्त्याने पाऊण शेकडा किमी, रेल्वेने सव्वाशेच्या वर.

त्यात मिरज–कोल्हापूर एकेरी मार्ग. समोरून गाडी येत असेल तर हातकणंगल्याला किंवा रुकडीला क्रॉसिंगसाठी उभं राहायचं. पुण्याच्या बाजूला घोरपडीत दौंडकडच्या गाड्या येऊन मिळतात, तिथे फलाट मोकळा होईपर्यंत आउटरला ताटकळायचं. गाडीचा कमाल वेग कितीही असो, यातलं एकही मिनिट त्याने वाचत नाही.

मग याच मार्गावर १६० चा वेग केला की झालं ना?

गणित करून पाहा. दहा किमीचा तुकडा ११० ने धावला तर साडेपाच मिनिटं लागतात, १६० ने धावला तर पावणेचार. वाचली पावणेदोन मिनिटं. आता दुसरा दहा किमीचा तुकडा घ्या, जिथे घाटामुळे, वळणामुळे किंवा कॉशन ऑर्डरमुळे (हळू चालवण्याच्या लेखी सूचनेमुळे) गाडी ३० ने चालते. तिथे वीस मिनिटं लागतात. तो ६० वर नेला की दहा मिनिटं वाचतात, म्हणजे १६० च्या सगळ्या खटाटोपातून मिळाली त्याच्या जवळपास सहापट. आणि खर्च त्या मानाने किरकोळ.

म्हणून आमचं स्पष्ट मत: कोल्हापूरच्या मार्गावर पहिला पैसा कमाल वेगावर घालू नये, किमान वेगावर घालावा. सर्वात हळू चालणारे वीस-पंचवीस तुकडे शोधायचे, प्रत्येकाचं कारण लिहायचं (वळण, पुलाची जुनी मर्यादा, मऊ भराव, लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, शिरताना ३० ची मर्यादा असलेले सांधे, फाटक) आणि वाचणाऱ्या एका मिनिटाला किती रुपये पडतात त्या क्रमाने ते सोडवायचे. असं काम फीत कापायला सोयीचं नसतं, हीच त्याची अडचण.

थांब्यांचंही तेच. १६० ने धावणारी गाडी थांबवून पुन्हा त्या वेगाला न्यायची, तर दोन मिनिटांच्या थांब्याला एकूण साडेतीन-चार मिनिटं जातात. मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा असे पाच थांबे धरले की अठरा-वीस मिनिटं गेली. ‘आमच्या गावाला थांबा द्या’ आणि ‘गाडी वेगवान करा’ या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात करता येत नाहीत.

वेग वाढवायला रुळावर नेमकं काय बदलावं लागतं?

सर्वात मोठा अडसर वळणाचा. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. ब्रॉडगेजवर ही उंची जास्तीत जास्त १६५ मिमी धरली आणि ७५ मिमीची तूट (म्हणजे लागते त्यापेक्षा तेवढी कमी उंची) चालवून घेतली, तर ११० साठी वळणाची त्रिज्या सुमारे ७०० मीटर लागते, १६० साठी १,४७० आणि २०० साठी २,३०० मीटर. वेग दुप्पट झाला की त्रिज्या चौपट. मुंबई–अहमदाबाद बुलेटची किमान त्रिज्या म्हणूनच ६,००० मीटर ठेवली आहे. घाटातलं वळण इतकं सैल करायचं तर ते वळण उरतच नाही, बोगदा काढावा लागतो.

कागदावरची ही त्रिज्याही पुरत नाही. त्याच रुळावरून साखरेची, खताची, सिमेंटची मालगाडी ५०–६० ने जाते. बाहेरचा रूळ जास्त उंच असेल तर तिचा सगळा भार आतल्या रुळावर पडतो, तो रूळ झिजतो. त्यामुळे मिश्र वाहतुकीच्या मार्गावर पूर्ण १६५ मिमी उंची देता येत नाही.

बाकीची यादी अशी: मीटरला ६० किलो वजनाचे रूळ, खाली पुरेशी जाड खडी, लूपवर जास्त वेगाने शिरता येईल असे जाड पात्याचे सांधे, सगळी फाटकं बंद करून उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि ‘कवच’ ही सुरक्षा यंत्रणा. १६० ने धावणाऱ्या गाडीला साध्या ब्रेकने थांबायला दीड किमीच्या आसपास अंतर लागतं. तेवढ्या वेगात सिग्नल डोळ्यांनी पाहून थांबण्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून चालकाच्या केबिनमध्येच सिग्नल दिसणं आणि चूक झाल्यास यंत्रणेने स्वतः ब्रेक लावणं गरजेचं. कुंपण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. म्हशी, मेंढरं आणि शॉर्टकट मारणारी माणसं रुळावर येणार असतील, तर १६० ची परवानगी कागदावरच राहते.

पूर्ण नवीन मार्ग टाकायचा तर खर्च किती?

कोल्हापूर–पुण्यासाठी आकडा फेकण्यापेक्षा तीन देशी मापं घ्यावीत. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड: २३५ किमी, २०० चा वेग, महारेल या कंपनीचा अंदाज १६,०३९ कोटी, म्हणजे किमीला ६८ कोटी. मुंबई–अहमदाबाद बुलेट: ५०८ किमी, ३२० चा वेग, सुरुवातीचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी, म्हणजे किमीला २१३ कोटी. दिल्ली–मेरठ नमो भारत: ८२ किमी, १६० चा वेग, ३०,२७४ कोटी, म्हणजे किमीला सुमारे ३७० कोटी. शेवटचा आकडा पाहून अनेकजण चक्रावतात, की वेग निम्मा आणि खर्च जास्त कसा? कारण तो मार्ग दाट वस्तीतून, पुलावरून आणि जमिनीखालून जातो, आणि स्टेशनं पावलोपावली आहेत. शहरातून वाट काढणं हे वेगापेक्षा महाग असतं.

कोल्हापूर–पुणे नवा मार्ग २३० किमीचा धरला, तर पुणे–नाशिकच्या भावाने सुमारे १६,००० कोटी, बुलेटच्या भावाने ४९,००० कोटी. दोन्ही अंदाज जुने आहेत आणि आपल्याकडे अंदाज खाली येत नाहीत.

तेवढे प्रवासी मिळतील का?

१६,००० कोटींवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,१२० कोटी. दोन्ही दिशांना मिळून रोज १०,००० प्रवासी असतील, तर एका फेरीमागे नुसतं व्याज तीन हजारांच्या वर पडतं. रोज २५,००० असतील तर सव्वाबाराशे. यात वीज, पगार, देखभाल, गाड्यांची किंमत काहीच धरलेलं नाही. बुलेटच्या भावाने बांधलं तर २५,००० प्रवासी असूनही व्याजच माणशी पावणेचार हजार. मुंबई–अहमदाबादला जपानचं ०.१ टक्का व्याजाचं, पन्नास वर्षांचं कर्ज मिळालं. तसं दर वेळी मिळेल असं गृहीत धरून हिशोब मांडणं धोक्याचं.

रोजचे २५,००० म्हणजे वर्षाला ९० लाख. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात हायस्पीड मार्ग यशस्वी व्हायला हाच मापदंड धरला होता: वर्षाला ९० लाख प्रवासी. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे ९७ लाख. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने वर्षातून जवळपास एक फेरी या गाडीने करायची. आठ डब्यांच्या वंदे भारतमध्ये ५३० आसनं असतात, त्या हिशेबाने रोज सत्तेचाळीस भरलेल्या गाड्या.

अशक्य आहे का? पुण्यात आयटी, शिक्षण, दवाखाने यांच्यासाठी इकडून जाणारी माणसं कमी नाहीत, आणि वेळ कमी झाला की नव्याने प्रवास करणारेही वाढतात. पण आजच्या गर्दीवरून तो आकडा निघत नाही. दिवाळीच्या वेटिंग लिस्टवरून तर मुळीच नाही, मार्ग बांधायचा तो फेब्रुवारीतल्या मंगळवारचे प्रवासी मोजून.

परदेशात छोट्या शहरांना फायदा झाला की नाही?

दोन्ही उदाहरणं आहेत, आणि दोन्ही स्पेनमध्येच. १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिल मार्ग सुरू झाला आणि वाटेवरचं स्यूदाद रेआल हे लहान शहर माद्रिदपासून तासाभराच्या आत आलं. रोज ये-जा करणारे नोकरदार वाढले. उलट तोलेदो–अल्बासेते थेट हायस्पीड गाडी २०११ मध्ये बंद करावी लागली, कारण प्रवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फरक दिशेचा होता: पहिलं शहर महानगराला जोडलं गेलं, दुसऱ्या मार्गाने छोटी शहरं एकमेकांना जोडली. हा धडा आपल्याला लागू पडतो. कोल्हापूर–पुणे–मुंबईचा विचार करता येतो. कोल्हापूर–सोलापूर हायस्पीड ही कल्पना सध्या सोडून द्यावी.

त्याच युरोपीय अहवालात आणखी एक गोष्ट आहे: तपासलेल्या मार्गांवर गाड्या सरासरीने मार्गाच्या रचनेतल्या वेगाच्या ४५ टक्क्यांच्या आसपासच धावत होत्या. जास्त वेगाचा मार्ग बांधायचा, पैसे मोजायचे आणि थांब्यांमुळे गाडी निम्म्या वेगाने चालवायची.

तैवानचा मार्ग २००७ ला सुरू झाला, गाड्या भरून चालल्या, देशांतर्गत विमानं ओस पडली. तरीही बांधणारी कंपनी कर्ज आणि घसाऱ्याखाली दबली, २००९ मध्ये सरकारला ताबा घ्यावा लागला आणि २०१५ मध्ये मार्ग चालवण्याच्या हक्काची मुदत ३५ वर्षांवरून ७० करावी लागली. गाडीला गर्दी आहे म्हणजे प्रकल्प परवडला, असं होत नाही.

स्टेशन कुठे होईल? शहरात की बाहेर?

या प्रश्नावर सगळा खेळ अवलंबून आहे, आणि आपल्याकडे तो सर्वात शेवटी विचारला जातो. फ्रान्समध्ये १९९४ साली ओत-पिकार्दी नावाचं टीजीव्ही (तिथली हायस्पीड गाडी) स्टेशन दोन शहरांच्या मध्ये, शेतात बांधलं. लोकांनी त्याला ‘बीटाचं स्टेशन’ असं नाव ठेवलं, कारण आजूबाजूला साखरेच्या बीटाशिवाय काही नव्हतं. आपल्याकडे उसाच्या फडात स्टेशन व्हायला वेळ लागणार नाही.

कोल्हापूरचं श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस शाहूपुरीत, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लजचा माणूस एसटीतून उतरून थेट फलाटावर येऊ शकतो. ही सोय मोठी आहे. उलट साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, कराडचं ओगलेवाडीला. तिथला प्रवासी आधी रिक्षा शोधतो, आणि महामार्गावर उभं राहून एसटी किंवा ट्रॅव्हल्स पकडणं त्याला सोपं वाटतं.

राजारामपुरी ते हिंजवडी असा पूर्ण हिशोब मांडा. नवं स्टेशन शहराबाहेर असेल तर तिथे पोचायला अर्धा तास, आधी पोचून थांबायला वीस मिनिटं, गाडीत दीड तास, पुण्यात उतरून पुढे तासभर: एकूण तीन तास वीस मिनिटं. मोटारीने पाचच्या आसपास. फायदा आहेच, पण ‘दीड तासात पुणे’ या पाटीइतका नाही. स्टेशन पुण्याच्याही बाहेर गेलं तर आणखी कमी.

जमीन किती जाईल?

पुलावरून मार्ग नेला तर बुलेटसारखी साडेसतरा मीटर रुंद पट्टी लागते, म्हणजे किमीला सुमारे १७३ गुंठे. भरावावरून नेला आणि रुंदी ४० मीटर धरली तर ३९५ गुंठे. २३० किमीला पहिल्या पद्धतीने साधारण हजार एकर, दुसऱ्या पद्धतीने पावणेतेवीसशे. २०१३ च्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुप्पट ते चौपट मोबदला बसतो. तरी शेतकऱ्याचा मुद्दा पैशापुरता नसतो: पट्टी शेताच्या मधून गेली की पाइपलाइन तुटते, विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला राहतो. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापुरात किती विरोध झाला ते ताजं आहे. बागायती पट्ट्यातून नवी आखणी काढणाऱ्याने ते विसरू नये.

भरावाचा दुसरा धोका पुराचा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. महामार्गाचा भराव पाणी अडवतो, तो काढून खांबांवर पूल करा, ही मागणी तेव्हापासूनची. त्याच पात्रात रेल्वेचा दुसरा भराव टाकला तर पाणी वरच्या गावांत आणखी तुंबेल. वारणा, कृष्णा, पंचगंगा यांच्या पूररेषेत मार्ग खांबांवरच हवा, आणि तो खर्च पहिल्या अंदाजातच दिसायला हवा. काळ्या मातीचंही तसंच: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भराव बसतो आणि मग त्या तुकड्यावर कायमची वेगमर्यादा लागते.

स्टँडर्ड गेज की ब्रॉडगेज?

बुलेटचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १,४३५ मिमी, आपला १,६७६. स्टँडर्ड गेजची गाडी पुण्यात येऊन थांबेल, मुंबईच्या सीएसएमटीला किंवा मिरजेच्या पुढे बेळगावला जाऊ शकणार नाही. प्रादेशिक शहरांसाठी ब्रॉडगेजच हवा, यात आम्हाला शंका वाटत नाही. नवा तुकडा जसा तयार होईल तसा वापरात आणता येतो, उरलेलं अंतर जुन्या मार्गाने. पूर्ण २३० किमी होईपर्यंत वाट पाहावी लागत नाही.

मग मधला मार्ग कोणता?

कराड–कोल्हापूर थेट मार्ग, ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) बाजूने, सुमारे ७५ किमी. मागणी जुनी आहे. आज कराड–मिरज–कोल्हापूर १२७ किमीला दोन तास लागतात. थेट दुहेरी मार्गावर सरासरी ११० धरली तर चाळीस मिनिटं. वाचले एक तास वीस मिनिटं. पुणे–नाशिकच्या भावाने खर्च पाच हजार कोटींच्या पुढे, तीन नद्यांचे पूल धरून आणखी वर. एका मिनिटाला ६० कोटींहून जास्त.

तोटा उघड आहे: सांगली–मिरज बाजूला पडतं. २०११ मध्ये सांगली–मिरज–कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती, कोल्हापूरपेक्षा थोडीच कमी. या शहराला वगळून निघालेली गाडी अर्धी रिकामी धावण्याची भीती आहे, आणि राजकीय भांडण वेगळं. म्हणून त्याआधी मिरज–कोल्हापूर दुहेरीकरण. क्रॉसिंगसाठी उभं राहण्याची वेळ वाचते, आणि सांगली सुटत नाही.

मुंबई–पुणे–हैदराबाद बुलेटचा आपल्याला उपयोग?

७११ किमीचा तो प्रस्तावित मार्ग सोलापूरच्या बाजूने जातो. झाला तर कोल्हापूरकराला पुण्यात गाडी बदलून मुंबई लवकर गाठता येईल, तेही दोन्ही गाड्या एकाच स्टेशनात मिळाल्या तरच.

प्रकल्प अहवाल आला तर त्यात काय तपासायचं?

प्रवासीसंख्या कुठून आली: तिकिटांच्या नोंदींतून, टोलनाक्यावरच्या मोजणीतून की लोकसंख्येला टक्का लावून? भाडं किती धरलं, आणि त्या भाड्याला एसटी सोडून किती जण येतील? स्टेशन ते घर हा वेळ धरला आहे का? सरासरी वेग थांब्यांसह आहे का? पूररेषेतले पूल वेगळे दाखवलेत का? आखणीवर कोणती संस्था हरकत घेऊ शकते? पुणे–नाशिकची आखणी नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे अडली आणि मार्ग बदलण्याची वेळ आली. ही अडचण नकाशावर पहिल्या दिवसापासून दिसत होती.

मागणी कुणाकडे करायची?

गाडीची वेळ, आठवड्यातले दिवस, थांबा, हे मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे आणि विभागीय सल्लागार समितीतल्या सदस्यांकडे. नवा मार्ग, दुहेरीकरण हे खासदारांमार्फत रेल्वे मंडळाकडे. राज्याने खर्च उचलायचा असेल तर महारेलकडे, ती राज्य आणि रेल्वे मंत्रालयाची भागीदारीतली कंपनी आहे. निवेदनात एकच मागणी ठेवा आणि ती आकड्यांत लिहा: ‘वेगवान गाडी द्या’ याऐवजी ‘कोल्हापूरहून पहाटे निघून दहाच्या आत पुण्याला पोचणारी आणि संध्याकाळी सहानंतर परतणारी गाडी, आठवड्याचे सातही दिवस’. सुरू झाली तेव्हा कोल्हापूर–पुणे वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस होती. रोज पुण्याला जाऊन काम करून परत येऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीने उरलेल्या चार दिवसांचा वेग शून्यच.